युकॉन नदीवरील एकट्याची कनू-मोहीम : शेवटचा टप्पा कसा पार पाडावा

कॅनडाच्या वायव्य टोकाला असलेल्या युकॉन प्रदेशात व्हाइटहॉर्स ते डॉसन सिटी हा नदीमार्ग सुमारे ७०० किलोमीटरचा आहे. लेक लबार्ज हा सुमारे ५० किलोमीटर लांबीचा तलाव सोडला, तर प्रवाह कनूला, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीला, स्वतःच पुढे नेत राहतो. होडी खांद्यावर घेऊन चालावे लागेल अशी जागा वाटेत नाही आणि लक्षात ठेवावेत असे खळाळही दोनच आहेत : कारमॅक्स या गावाच्या पुढचा फाइव्ह फिंगर आणि त्यानंतर थोड्याच अंतरावरचा रिंक. दोन्ही ठिकाणी उजव्या बाजूची धार धरावी, हा तिथला नियम प्रत्येक नकाशावर छापलेला असतो. त्यामुळे एकट्याने पहिली लांब मोहीम करू पाहणारे अनेक जण हाच मार्ग निवडतात. सह्याद्रीत भटकंती करून पुढे शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी कॅनडात गेलेल्या मराठी वाचकांनाही तो खुणावेल असा आहे.

नवखा माणूस मात्र तयारीचा बहुतेक विचार सुरुवातीवर खर्च करतो : कोणती होडी घ्यावी, सामान किती असावे, लबार्जवर वारा उठला तर काय करावे. शेवटचे ३०० किलोमीटर त्याच्या मनात ‘तोवर हात बसलेला असेल’ एवढ्याच शब्दांत उरकलेले असतात. प्रत्यक्षात हात बसलेला असतो हे खरे, पण अंग थकलेले असते, शिधा कमी झालेला असतो, नदी रुंद आणि गढूळ झालेली असते आणि मन डॉसनला पोहोचून गेलेले असते. म्हणून हा लेख केवळ त्या शेवटच्या टप्प्याविषयी आहे.

शेवटाची आखणी व्हाइटहॉर्सलाच करावी

होडी भाड्याने घेताना ती डॉसनमध्ये नेमकी कुठे ठेवायची, कोणाच्या ताब्यात द्यायची, रात्री पोहोचल्यास काय करायचे आणि ठरलेल्या तारखेपेक्षा एक-दोन दिवस उशीर झाल्यास भाडे कसे आकारले जाईल, हे सारे लेखी घ्यावे. व्हाइटहॉर्समध्ये घेतलेली कनू डॉसनला सोडण्याची सोय तिथले व्यावसायिक करतात, परंतु ती गृहीत धरू नये. डॉसनहून व्हाइटहॉर्सला परतण्यासाठी क्लॉन्डाइक महामार्गाने ५०० किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. विमानाची सोय आहे, पण विमानतळ गावापासून सुमारे १५ किलोमीटरवर आहे आणि विमाने थोडी असतात. परतीचे तिकीट पोहोचण्याच्या अपेक्षित दिवसाचे कधीही काढू नये. दिवसाला ५० किलोमीटर धरले तर १४ दिवस होतात. त्यावर वाऱ्यासाठी आणि विश्रांतीसाठी किमान दोन दिवस जोडावेत आणि तिकीट त्याच्याही पुढचे असावे. विमान चुकेल या धास्तीने उलट्या वाऱ्यात वल्हवत राहणारा एकटा माणूस, हे माझ्या मते या नदीवरचे सर्वांत टाळण्याजोगे संकट आहे.

प्रवासाचा लेखी आराखडा ज्याच्याकडे ठेवायचा, त्याला दोन वेळा द्याव्यात. पहिली वेळ ‘मी या दिवशी पोहोचेन असे वाटते’ अशी आणि दुसरी ‘या क्षणापर्यंत माझा निरोप आला नाही, तर पोलिसांना कळवावे’ अशी. दोन्ही वेगळ्या असल्या पाहिजेत, नाहीतर एका वादळी दिवसाच्या उशिराने शोधपथक बाहेर पडते. युकॉनमध्ये हे काम कॅनडाचे राष्ट्रीय पोलीस दल, म्हणजे आरसीएमपी पाहते. होडीचा रंग, तंबूचा रंग, मुक्कामाची संभाव्य ठिकाणे आणि उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या उपकरणाची माहिती आराखड्यात असावी. ही जबाबदारी शक्यतो कॅनडात राहणाऱ्या व्यक्तीकडे द्यावी. ती पुण्या-नाशिकच्या घरच्यांकडेच देणार असाल, तर वेळ दोन्ही घड्याळांप्रमाणे लिहून द्यावी. २०२० पासून युकॉनमध्ये घड्याळ वर्षभर एकच असते आणि ते भारतापेक्षा साडेबारा तास मागे चालते. म्हणजे डॉसनमध्ये सोमवारी रात्रीचे आठ वाजले असतील, तेव्हा घरी मंगळवारची सकाळ साडेआठची झालेली असते.

मिंटो : पुढे जायचे की थांबायचे

कारमॅक्सनंतर काही अंतर महामार्ग नदीच्या जवळपास राहतो आणि मिंटो या ठिकाणी तो शेवटचा भेटतो. त्यानंतर डॉसनपर्यंत, म्हणजे साधारण ३०० किलोमीटर, नदीकाठाला येणारा महामार्ग नाही आणि मोबाईलचा भरवसा धरता येत नाही. सह्याद्रीत वाट चुकली तरी काही तासांत एखादी वाडी किंवा धनगराचे खोपट लागण्याची शक्यता असते. इथे तशी आशा धरून चालत नाही. त्यामुळे मिंटोच्या काठावर होडी ओढून घ्यावी, चहा ठेवावा आणि घाई न करता स्वतःची तपासणी करावी.

ही तपासणी शरीरापासून सुरू करावी. मनगट सकाळी उठल्यावर दुखते की वल्हवल्यावर, बोटांच्या भेगांत लाली किंवा पू आहे का, पाय सतत ओले राहून पांढरे पडले आहेत का, झोप सलग लागते का, हे पाहावे. मग शिधा जमिनीवर मांडून मोजावा. उरलेल्या अंतराचे दिवस आणि त्यावर तीन दिवस, इतके अन्न असले पाहिजे. मासे मिळतील हा हिशेब त्यात धरू नये. युकॉन नदीतील चिनूक सामन माशांची संख्या इतकी घटली आहे, की २०२४ मध्ये कॅनडा आणि अलास्का यांनी त्यांची मासेमारी सात वर्षांसाठी थांबवली. शेवटी उपकरणाची बॅटरी, गॅस आणि दुरुस्तीची चिकटपट्टी पाहावी. मनगट सुजले असेल किंवा ताप असेल, तर मोहीम मिंटोलाच संपवावी. महामार्गावर गाडी मिळते आणि होडीची व्यवस्था संदेश पाठवून लावता येते. जिथे रस्ता आहे तिथे विचारपूर्वक थांबलेली मोहीम ही नीट पूर्ण केलेली मोहीमच असते, असे मी मानतो आणि प्रत्येक नवख्याला तसेच सांगतो.

पुढे जायचे ठरले, तर सुमारे ४० किलोमीटरवर डाव्या काठाला फोर्ट सेलकर्क लागते. (या लेखात डावा-उजवा म्हणजे प्रवाहाच्या दिशेने तोंड करून.) समोरच्या काठावर लाव्हारसाच्या काळ्या खडकाची लांबच लांब भिंत आहे; दख्खनच्या कातळात वाढलेल्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटते. हे जुने व्यापारी ठाणे सेलकर्क फर्स्ट नेशन हा तिथला मूळ रहिवासी समाज आणि युकॉन सरकार मिळून सांभाळतात आणि तिथे मुक्काम करता येतो. पूर्ण विश्रांतीचा दिवस घ्यायचा असेल, तर तो इथे घ्यावा.

गढूळ पाणी

डॉसनला शंभरहून अधिक किलोमीटर उरलेले असताना डावीकडून व्हाइट नदी मिळते आणि तिथून युकॉनचे रूप पालटते. व्हाइट नदी हिमनद्यांनी दळलेला बारीक गाळ आणि सुमारे १,२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या ज्वालामुखी उद्रेकाची राख घेऊन येते. त्या राखेचा पांढरा पट्टा फोर्ट सेलकर्कच्या आसपास कापलेल्या काठांमध्ये, वरच्या मातीच्या थराखाली, स्पष्ट दिसतो. संगमानंतर वल्हे थांबवून शांत बसले, तर होडीच्या तळाशी गाळाचे कण घासत जाताना गरम तव्यावर पाण्याचे थेंब पडल्यासारखी बारीक चरचर ऐकू येते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला होडीला चीर गेली की काय अशी शंका येते. तसे काही नसते.

काळजी करायची ती पिण्याच्या पाण्याची. हे पाणी थेट पाणी शुद्ध करणाऱ्या गाळणीत घातले, तर तिची छिद्रे लवकरच बंद होतात आणि दाब देऊन पाणी काढण्याच्या प्रयत्नात ती कायमची बिघडू शकते. त्यामुळे संगमाच्या आधीच सगळ्या पिशव्या आणि बाटल्या भरून घ्याव्यात. पुढे बाजूने येणाऱ्या स्वच्छ ओढ्यांच्या मुखाशी थांबून पुन्हा भराव्यात. मात्र ओढ्यात थोडे आत जाऊन पाणी घ्यावे, कारण मुखाशी नदीचा गाळ आत शिरलेला असतो. ओढा मिळाला नाही, तर मुक्कामी पोहोचताच घडीच्या बादलीत नदीचे पाणी भरून रात्रभर स्थिर ठेवावे, सकाळी वरचे पाणी न हलवता अलगद ओतून घ्यावे, कापडातून गाळावे आणि एक मिनिट खळखळून उकळावे. ओढ्याचे पाणी नितळ दिसले, तरी तेही गाळून किंवा उकळूनच प्यावे.

बेटांमधून वाट काढणे आणि वारा

व्हाइट आणि तिच्यानंतर उजवीकडून येणारी स्टुअर्ट या दोन नद्या मिळाल्यावर पात्र फार रुंद होते, बेटांनी विभागले जाते आणि वाळूचे दांडे पाण्याखाली दिसेनासे होतात. नकाशावरची धार आज त्याच जागी असेलच असे नाही, म्हणून नकाशाइतकाच डोळ्यांवर विश्वास ठेवावा. वळणावर बाहेरच्या बाजूला पाणी खोल आणि वेगवान असते. जिथे पृष्ठभाग अचानक गुळगुळीत आणि संथ होऊन त्यावर बारीक थरथर दिसते, तिथे खाली वाळू असते. शंका आल्यास ज्या धारेत जास्त पाणी वळते आहे तीच धरावी आणि ‘जवळची वाट’ म्हणून अरुंद फाट्यात शिरू नये, कारण शिरल्यावर प्रवाहाविरुद्ध परत येणे एकट्याला जवळपास अशक्य असते.

बाहेरच्या वळणाचा धोकाही तिथेच असतो. पाण्याने काठ पोखरला, की स्प्रूसची सूचिपर्णी झाडे मुळांसकट आडवी होऊन प्रवाहावर झुकतात. पाणी त्यांच्या फांद्यांतून पार होते, पण होडी आणि माणूस अडकतात. त्यामुळे खोल धारेत राहायचे, पण काठापासून सुरक्षित अंतर ठेवून आणि दोनशे-तीनशे मीटर पुढे पाहत. टाळायचे ठरले, की लगेच वल्हवावे. प्रवाह वाटतो त्यापेक्षा वेगवान असतो.

वारा हा या टप्प्यावरचा दुसरा प्रश्न आहे. दुपारनंतर नदीच्या उलट दिशेने वारा उठला, की प्रवाहाला भिडून आखूड, उभ्या लाटा तयार होतात. एकट्या माणसाची कनू मागून जड आणि पुढून हलकी असते, त्यामुळे वाऱ्याने तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, कधी एका बाजूला तर कधी दुसऱ्या बाजूला फेकली जाते. दोघांसाठीची होडी एकटे चालवत असाल, तर पुढच्या बाकावर उलटे तोंड करून बसावे, म्हणजे वजन मध्याच्या जवळ येते. शिधा कमी झाल्याने होडी हलकी झालेली असते, म्हणून पाण्याची भरलेली पिशवी किंवा अन्नाचा डबा पुढे सरकवावा. समोरून वारा असेल तर पुढची बाजू किंचित जड, मागून वारा असेल तर मागची बाजू किंचित जड, हे सूत्र पाळावे आणि लाटांत बाकावर न बसता गुडघ्यांवर बसावे. इतके करूनही होडी सरळ राहत नसेल, तर काठाला लागून थांबावे. जून-जुलैमध्ये इथे रात्र जवळजवळ अंधारत नाही. पहाटे चारला निघून दुपारी बाराला मुक्काम करणे हे दुपारी झगडण्यापेक्षा केव्हाही चांगले. ऑगस्टअखेर मात्र अंधार पडतो आणि सकाळी धुके असते. तेव्हा उशिरा निघावे आणि अंतर कमी धरावे.

तरंगजाकीट उन्हातही अंगावरच असावे. हे पाणी भर उन्हाळ्यातही इतके थंड असते, की पडताक्षणी श्वास अडखळतो आणि काही मिनिटांत बोटे काम करेनाशी होतात. संदेश-उपकरण, शिटी, काडेपेटी किंवा लायटर आणि छोटा चाकू हे जाकिटाच्या खिशांतच ठेवावेत. एकट्याच्या मोहिमेत होडी उलटून निसटली, तर माणसाजवळ तेवढेच उरते.

शेवटचे मुक्काम

मुक्कामासाठी बेटाचे वरचे, गोट्यांचे टोक उत्तम : वारा लागतो, डास कमी असतात, जळाऊ ओंडके साचलेले असतात. मात्र बेटावर अस्वल येत नाही ही समजूत चुकीची आहे. काळी आणि ग्रिझली दोन्ही अस्वले चांगली पोहतात. स्वयंपाक तंबूपासून शंभर मीटर दूर, प्रवाहाच्या खालच्या बाजूला करावा आणि अन्न घट्ट झाकणाच्या डब्यात तिथेच ठेवावे. शेवटच्या रात्री कंटाळ्याने तंबूत बिस्किटे नेली जातात. नेमके तेच करू नये.

होडी बांधण्यात तर तिळमात्र ढिलाई चालत नाही. दूर कुठेतरी पाऊस पडला, की इथे आकाश निरभ्र असतानाही पाणी रात्रीतून चढते. होडी रिकामी करून, पालथी घालून, पाण्यापासून शक्य तितकी उंच न्यावी आणि दोन्ही टोके दोन वेगवेगळ्या पक्क्या झाडांना किंवा जमिनीत रुतलेल्या जड ओंडक्यांना बांधावीत. पाण्याच्या कडेला एक काडी रोवून ठेवावी. झोपण्यापूर्वी आणि रात्री जाग आली की काडी पाहावी. ती पाण्यात गेलेली दिसली तर लगेच सामान वर हलवावे.

काठावर दिसणाऱ्या झोपड्या आणि मासेमारीच्या छावण्या ओसाड वाटल्या, तरी त्या कोणाच्या तरी आहेत. त्यांतल्या कित्येक तिथल्या मूळ रहिवासी समाजांच्या आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. संकट नसेल तर आत जाऊ नये, जवळ तंबूही ठोकू नये. शेकोटी नदीच्या चढत्या पाण्याच्या खुणेखालच्या गोट्यांवर करावी आणि निघताना राख हाताला थंड लागेपर्यंत पाणी ओतावे.

डॉसनच्या अलीकडे वीस-तीस किलोमीटरवर मुद्दाम शेवटचा मुक्काम करावा, दिवस कितीही उरला असला तरी. सकाळी ताज्या अंगाने दोन-तीन तासांत गाव गाठता येते, दुकाने आणि कचेऱ्या उघड्या असतात आणि उतरण्याच्या अवघड क्षणी डोळे थकलेले नसतात. त्या रात्री नकाशाचा शेवटचा कागद पाहून ठेवावा, कपड्यांचा एक कोरडा जोड वरच राहील असे सामान भरावे आणि ‘उद्या पोहोचतो’ असा संदेश पाठवावा.

डॉसनला उतरणे

डॉसन उजव्या काठावर आहे आणि प्रवाह तिथेही जोरात असतो, त्यामुळे उजवीकडे आधीच सरकणे आवश्यक आहे. दुरून दिसणारी खूण म्हणजे गावामागच्या डोंगरावरचा दरडीचा मोठा फिकट व्रण, ज्याला मूसहाइड स्लाइड म्हणतात. तो दिसू लागला की उजवा काठ धरावा. गावाच्या किंचित आधी उजवीकडून क्लॉन्डाइक नदी मिळते, जिच्या खोऱ्यात १८९६ मध्ये सोने सापडले. तिचे नितळ, वेगवान पाणी युकॉनच्या गढूळ पाण्याला भिडते तिथे रंगांची सीमा दिसते आणि तिच्यावर उकळ्या फुटल्यासारखे पाणी वर येते. ती सीमा ओलांडताना गुडघ्यांवर बसावे, वल्हे पाण्यात ठेवून वल्हवत राहावे आणि फोटो काढण्याचा मोह आवरावा.

संगमानंतर गावाचा काठालगतचा पूररोधक बांध आणि काठावर जतन करून ठेवलेली कीनो ही जुनी चाक-आगबोट दिसते. गावाच्या खालच्या टोकाला वाहने नेणारी जॉर्ज ब्लॅक फेरी सतत ये-जा करते. तिच्या वाटेत न येता त्याआधीच उतरावे. उतरताना प्रवाहाच्या दिशेने काठावर धडकू नये. काठाजवळ आल्यावर होडी वळवून नाळ प्रवाहाच्या उलट दिशेला करावी, हलके वल्हवत वेग शून्यावर आणावा आणि मग बाजूने काठाला लागावे. आधी दोरी हातात, मग पाय बाहेर. काठ गाळाने निसरडा असतो आणि गुडघे आखडलेले असतात, म्हणून सामान उचलण्यापूर्वी दोन मिनिटे नुसते उभे राहावे.

उतरल्यानंतर

पहिले काम निरोपाचे. आराखडा ज्याच्याकडे आहे त्याला ‘पोहोचलो’ असे कळवून त्याचे उत्तर येईपर्यंत थांबावे; पाठवलेला संदेश मिळालेला असतोच असे नाही. आरसीएमपीकडे किंवा होडीच्या व्यावसायिकाकडे नोंद केली असेल, तर तिथेही कळवावे. मगच अंघोळ आणि जेवण, आणि जेवणही पहिल्या दिवशी बेताचे.

होडी देण्यापूर्वी आतला गाळ आणि वनस्पतींचे तुकडे धुऊन काढावेत, पाणी पूर्ण ओतून द्यावे आणि तिचे सर्व बाजूंनी फोटो काढावेत. अस्वलासाठीचा स्प्रे आणि गॅसचे डबे विमानात कोणत्याही सामानातून नेता येत नाहीत. न वापरलेले तिथल्या व्यावसायिकाला किंवा पुढे निघालेल्या प्रवाशाला द्यावेत. राहायला नदीपलीकडे सरकारी तंबूस्थळ आहे आणि फेरीला पैसे पडत नाहीत. तिथे तंबू सोडून, उलटा करून, उन्हात पूर्ण वाळवावा. व्हाइट नदीचा गाळ चेनच्या दातांत बसला तर चेन कोरडी ओढू नये. आधी स्वच्छ पाण्याने धुऊन, जुन्या दातघासणीने कण काढून मगच ती सरकवावी. गाळणीही उलट्या बाजूने पाणी सोडून धुवावी आणि वाळवावी.

त्याच संध्याकाळी नकाशा पुन्हा उघडून कुठे धार बदललेली आढळली, कोणत्या वळणावर झाडे नव्याने आडवी झाली आहेत, कोणत्या मुक्कामी अस्वलाची ताजी पावले दिसली, हे किलोमीटरच्या खुणेसह लिहून काढावे आणि होडीसोबत तो कागद व्यावसायिकाच्या हाती द्यावा. दुसऱ्या दिवशी व्हाइटहॉर्सहून निघणाऱ्याला छापील नकाशापेक्षा ही ताजी माहिती अधिक कामाची असते.